उलट्या बाजूला कललेला देठ

पडद्यावरच्या समुद्रलिलीचा (देठावर उभा राहणारा, फुलासारखा दिसणारा प्राणी) देठ बोटाएवढा लांब होता. बुंध्याशी सरळ, वर जाताना पडद्याच्या कोपऱ्यातल्या होकायंत्रानुसार उत्तरेकडे कललेला. रेवाने मान तिरकी करून पाहिलं. शेजारच्या लिलीचा देठही तसाच कललेला होता. तिच्या पलीकडचीचाही.

हे दृश्य हिंदी महासागराच्या तळावरून येत होतं. तिथे 'कूर्म' नावाचा यंत्रमानव दिवा लावून फिरत होता. रेवा सुट्टीत वेंगुर्ल्याच्या नियंत्रण कक्षात, आत्याजवळ बसली होती. आत्या म्हणजे डॉ. मंदाकिनी खानोलकर मात्र बसायला तयार नव्हती. खिडकीपर्यंत जायची, परत यायची, खुर्चीची पाठ धरून उभी राहायची.

"मॅडम, समुद्राला नारळ देऊन झाला, पेढेही संपले," त्याच जागेवर वर उभ्या असलेल्या जहाजावरून मुख्य अभियंता सुलेमान मुकादम बोलत होते. "यंत्र अधांतरी लटकतंय, आणि तुमच्या 'बघते'वर आम्ही पण. उद्या वादळ येतंय. आज नाही, तर पुढच्या वर्षीच."

"बघते," आत्या म्हणाली.

"ऐकलंत का रे? बघते." पलीकडे कुणीतरी हसलं.

तळावर बटाट्याएवढ्या काळ्या गाठी विखुरल्या होत्या. पाण्यातले धातू थरावर थर साचून त्या बनतात आणि दहा लाख वर्षांत जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्यांतलं निकेल आणि कोबाल्ट बॅटऱ्यांसाठी हवं होतं. गाठी गोळा करणाऱ्या यंत्राची आज पहिली चाचणी होती आणि परवानगी आत्याने द्यायची होती.

"तू घाबरलीयस का?" रेवाने हळूच विचारलं.

"नाही गं. काहीतरी खटकतंय. काय ते सापडत नाही."

रेवाने नकाशावर बोट ठेवलं. "हा हिरवा चौकोन कसला?"

"राखीव पट्टा. तिथे हात लावायचा नाही. यंत्रामुळे किती बिघडलं हे कळायला न बिघडलेली जागा शेजारी लागते. शाळेत तुम्ही एका कुंडीला खत घालता, दुसरीला नाही, तसं."

"आणि खत उडून दुसरीत पडलं तर?"

"तर तुलनाच संपली. म्हणून तर पट्टा चाचणीच्या जागेच्या उत्तरेला घेतलाय. पाणी दक्षिणेला वाहतं, उडालेला गाळही तिकडेच जाईल."

"मग या सगळ्या उत्तरेला का कलल्यात?"

आत्याची येरझार थांबली. ती पडद्याजवळ आली. "प्रवाह भरती-ओहोटीने फिरतो," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "पण वाढता देठ कलतो तो नेहमीच्या प्रवाहाबरोबर. कूर्म, चिमूटभर गाळ उडव."

कूर्मने पाय आपटला. धुरासारखा गाळाचा एक करडा लोळ उठला, क्षणभर तरंगला आणि सावकाश उत्तरेकडे निघाला. आत्याने पुन्हा उडवायला लावला. पुन्हा उत्तर. भरती उलटेपर्यंत ती खिडकी ते पडदा अशी फिरत राहिली. मग तिसऱ्यांदा पाहिलं. लोळ जरा मंदावला, पण गेला उत्तरेलाच.

"आपला प्रवाहमापक तळापासून बराच उंच बांधला होता," ती म्हणाली. "वरचं पाणी दक्षिणेला जातं. खाली टेकडी आहे. तिला वळसा घालून तळालगतचं पाणी उलटं फिरतं."

मुकादम ऐकत होते. "मॅडम, गाळच तो. बसेल की खाली."

"पिठीपेक्षा बारीक आहे, मुकादम. बसण्याआधी फार लांब जातो. तिथले प्राणी पाण्यातले कण गाळून खातात. गाळाने त्यांची गाळणीच बुजेल. आणि पट्टाही बुजला, तर आपण काय बिघडवलं ते आपल्याला कधी कळणारच नाही."

"वर्ष जाईल. वरचे लोक विचारतील."

"विचारू देत."

"म्हणजे पुन्हा 'बघते'च ना?"

रेवाने आत्याकडे पाहिलं. आत्याने खुर्ची ओढली आणि सकाळपासून पहिल्यांदाच बसली.

"नाही. चाचणी होणार नाही. यंत्र वर घ्या आणि वादळाआधी प्रवाहमापक तळालगत ठेवून या. वर्षभर मोजू, पट्टा नव्याने आखू आणि मगच गाठींना हात लावू."