बिजलीची खूण

कान्होजी भोइटे टोपी बाजारातून बाहेर पडले तेव्हा फेब्रुवारीचं ऊन छान पाठीवर येत होतं. खांद्यावर ब्लँकेटांचं गाठोडं, हातात तीळ-गुळाच्या गजकचा पुडा. तुर्कस्तानातलं एक अख्खं शहर भूकंपाने आडवं झालं होतं, आणि तिकडे पाठवायला महाराज बाड्याच्या चौकात मांडव घालून गरम कपडे जमा करणं चाललं होतं. "दादा, इतनी दूर भेजोगे?" दुकानदाराने विचारलं. "ठंड दूर-पास नहीं देखती," असं म्हणत कान्होजींनी त्याच्याकडूनही दोन ब्लँकेटं फुकट उकळली. गाठोडं मांडवात देऊन ते हजीऱ्यातल्या आपल्या घरी निघाले.

टीव्हीवर पहिली बातमी दिसली त्या दिवशी त्यांनी माळ्यावरून बूट काढले होते. त्यांच्या पत्नी शांताताई म्हणाल्या, "बूट निघाले. आणि गुडघे?" बूट मुकाट्याने परत माळ्यावर गेले. तीस वर्षं त्यांनी ढिगाऱ्यांवर शोधाची कुत्री चालवली होती, पण आता वय अडुसष्ट. "मी नाही तर नाही, माझा चेला गेलाय," असं मग ते गल्लीभर सांगत सुटले. तरुण परिहार नावाचा हा चेला, त्यांच्या हाताखाली शिकलेला, आपल्या देशाच्या तुकडीबरोबर तिकडे पोचला होता. गल्लीची छाती तेव्हापासून फुगलेलीच होती.

कान्होजींची स्वतःची कुत्री म्हणजे बिजली, काळीभोर लॅब्राडोर. दोन वर्षांपूर्वी म्हातारी होऊन गेली. अंगणातल्या कडुलिंबाखाली तिला पुरलं होतं. बिजलीची खूण ठरलेली असे. ढिगाऱ्याखाली जिवंत माणूस असला, की पंजांनी उकरायचं, तीनदा भुंकायचं, थांबायचं, पुन्हा तीनदा. मेलेल्यावर ती कधी भुंकली नाही. आणि माणूस बाहेर आल्यावर बक्षीस मिळेपर्यंत गप्पही बसली नाही. नियमात बक्षीस म्हणजे चेंडू. बाईसाहेबांना गजक लागे.

ती कधी खोटं बोलली नव्हती. चुकले ते कान्होजीच. शेवटच्या मोहिमेत एका पडक्या इमारतीवर ती भुंकत राहिली, आणि तीन रात्रींचे जागे कान्होजी चिडून म्हणाले, गजकसाठी नाटकं करतेय. पट्टा ओढून तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मशीनने तिथला स्लॅब उचलला. खाली एक बाई होती. गेलेली, पण अंगात अजून ऊब होती. त्या मोहिमेबद्दल मिळालेलं पदक त्यांनी पेटीतून कधी बाहेर काढलं नाही, आणि का ते फक्त शांताताईंना ठाऊक होतं.

तर त्या दुपारी ते अंगणात शिरले, तेव्हा शांताताई मटार सोलायचं सोडून भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या.

"अहो… कडुलिंबाखाली बघा. काही दिसतंय का?"

काही नव्हतं. ऊन होतं, वाळकी पानं होती. पण वास येत होता, सिमेंटच्या धुळीचा आणि भिजलेल्या कुत्र्याच्या अंगाचा. आणि मग अगदी चार हातांवर कुणीतरी तीनदा भुंकलं. थांबलं. पुन्हा तीनदा.

"आपलीच ना… ती?" शांताताईंनी विचारलं.

कान्होजींनी तरुणला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या दाढीत धूळ अडकली होती, डोळे लाल होते.

"उस्ताद, यहाँ अब कोई नहीं बचा. कुत्ते भी थक गए. अगली गली में जा रहे हैं।"

"रुक. फोन घुमा. धीरे-धीरे।"

मोडके जिने, गाद्या, लोंबणाऱ्या सळया पडद्यावरून सरकू लागल्या. अंगण शांत होतं. एक निळी पाण्याची टाकी दिसली आणि कडुलिंबाखाली भुंकणं सुरू झालं. टाकी पुढे गेली, भुंकणं थांबलं. कान्होजींनी फोन मागे घ्यायला लावला. पुन्हा तीनदा.

"उस्ताद… नया कुत्ता लिया क्या?" तरुणने हळूच विचारलं. त्याच्या मागे दमून पडलेलं त्याचं कुत्रं उठून उभं राहिलं होतं, फोनकडे कान टवकारून.

"टंकी के नीचे खोद।"

"वहाँ तीन बार देख चुके हैं, उस्ताद…"

"तरुण, एक बार मैंने पट्टा खींच लिया था. तू मत खींच।"

दिवेलागणीला फोन आला. टाकीखाली सात-आठ वर्षांची मुलगी सापडली होती, जिवंत. तिथली माणसं तरुणचे हात डोळ्यांना लावत होती. बातमी क्षणात गल्लीत पसरली, कुणी पेढे आणले, कुणी कान्होजींना उचलायला निघालं. ते मात्र अंगणात गेले. तिथे भुंकणं अजून चालूच होतं. कडुलिंबासमोर ते टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. इतका अभिमान त्यांना आयुष्यात कधी वाटला नव्हता. "शाबास, बेटा," म्हणत त्यांनी गजकचा तुकडा मातीवर ठेवला.

भुंकणं थांबलं. अंधारात कुरूम-कुरूम असा आवाज येत राहिला. सकाळी तिथे तिळाचा एक दाणाही नव्हता.

चौथ्या दिवशी, भर दुपारी, बिजली पुन्हा भुंकली.

टीव्ही बंद होता. फोनही आला नव्हता. आणि आवाज अंगणातून नव्हे, घरातून येत होता. मधल्या खोलीत, पलंगाशेजारी, फरशीवर पंजांचे ताजे ओरखडे उमटले होते. बघता बघता त्यांत आणखी एक उमटला.

"इथे… इथे खाली कोण असणार?" शांताताई म्हणाल्या. "आपलं घर तर उभं आहे…"

कान्होजींनी गजकचा तुकडा फरशीवर ठेवला. तो तसाच राहिला. माणूस बाहेर निघाल्याशिवाय ती बक्षीस घेत नसे.

मग आवाज भिंतीपलीकडे, शेजारच्या घरात गेला. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. मग त्याच्या पलीकडच्या घरात. मग त्याच्याही पलीकडे, घरामागून घर, शहराच्या किल्ल्याच्या दिशेने.

कान्होजींनी पेटी उघडली. पदक काढून स्वेटरवर लावलं. शांताताईंचा हात धरून त्यांना मोकळ्या मैदानात नेऊन बसवलं.

"लोक हसतील हो," त्या म्हणाल्या.

"हसू देत. माझी बिजली खोटं बोलत नाही."

गल्लीत येऊन त्यांनी पहिल्या दाराची कडी वाजवली. आत रेडिओ चालू होता, पोरं खिदळत होती, कुकरची शिट्टी होत होती. "कौन है?" आतून कुणीतरी विचारलं. कान्होजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्या दारामागे, त्या सगळ्या आवाजांच्या अगदी मधोमध, ती उकरू लागली.