ऑगस्टातला हातमोजा

शिवेच्या दगडावरचा पाव पळवून खायची पैज लावताय होय? लावा की. पण आधी क्लेम हॅलमचं ऐका. खाणीत माझ्या शेजारी घण मारायचा तो. थापा मारणारा गडी नव्हे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्टचा शेवटचा रविवार, दिवे लागून गेलेले. प्लेगच्या साली रोग बाहेर जाऊ नये म्हणून वरच्या गावानं स्वतःला कोंडून घेतलं, आणि आपले लोक त्या दगडावर त्यांच्यासाठी पाव ठेवून यायचे, बदल्यात ते रोग लागू नये म्हणून व्हिनेगरात बुडवलेले पैसे ठेवायचे, हे तुम्हाला शाळेतच शिकवलंय. अजूनही दरवर्षी त्या रविवारी रात्री आपल्यातलं एक घर पाव ठेवतं. त्या वर्षी पाळी क्लेमच्या घरची. त्याची बायको जोन न्यूमोनियातून नुकतीच सावरत होती.

"मीच जाते," ती म्हणाली.

"गप पड. तू बरी झालीस की मला सगळं मिळालं. पाव ठेवायला काय अक्कल लागते?"

"तुला लागेल. तिकडचं काही इकडे आणू नकोस म्हणजे झालं."

क्लेमनं पाव ठेवला. वळणार, तेवढ्यात दगडापलीकडे गवतात लहान मुलाचा लोकरीचा हातमोजा दिसला. आता सांगा, वाटेत पडलेला मोजा आपल्यातला कोण तसाच टाकून जातो? उचलायचा, जवळच्या खुंटावर अडकवायचा, ज्याचा त्याला सापडतो. क्लेमनं तेच केलं. हात पलीकडे घातला आणि मोजा अलीकडच्या फाटकाला अडकवला. ओला होता. व्हिनेगरचा वास येत होता. ऑगस्टात लोकरीचा मोजा कोण घालतं, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

तो निघाला.

मागे पावलं वाजली. छोटी... अनवाणी.

तो थांबला. पावलंही थांबली.

"कोण आहे?"

मेंढ्या गप्प. वारा गप्प. धावत घर गाठलं, दार लावलं, कडी घातली.

माडीवरून जोनचा आवाज आला.

"कुणाची रे ही पोरगी? गारठलीय बिचारी..."

"कुठली पोरगी?"

"ही काय... माझ्या कुशीत..."

मग काही नाही.

"जोन?"

...

तो वर गेला. दिवा लावला. खोलीत जोन एकटीच. गेली होती.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं. असेल. पण तिची मूठ उघडायला क्लेमनं मला बोलावलं, त्याला एकट्याला जमेना. आत एवढासा लोकरीचा हातमोजा होता, जोडीतला दुसरा. आठवडाभर पाऊस नव्हता. तरी तो ओला होता.