जस्तावरचा तीळ

एकोणीसशे एकोणसत्तर साल. जस्त शुद्ध करण्याच्या कारखान्यात मी प्रयोगशाळेत होते आणि माझा थोरला भाऊ टाक्यांवर. आम्लाच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियमच्या पाट्या बुडवून वीज सोडली, की त्यांवर जस्ताचा थर बसायचा. दादा तो पत्र्यासारखा सोलून काढायचा. थर गुळगुळीत यावा म्हणून टाकीत हाडांचा सरस घालत. तो शिजताना अशी दुर्गंधी सुटायची, की माझा डबा तसाच घरी परत जायचा.

त्या वर्षी थर खडबडीत येऊ लागला. मुकादमांनी नेहमीचाच उपाय केला, सरस वाढवला. नवी पोती ओलसर होती. आतले तुकडे बोटांना चिकटायचे.

थर गुळगुळीत आला. दादाने एक पत्रा माझ्या टेबलावर आणून ठेवला. त्यावर बारीक छिद्रं होती, छिद्रांतून लव.

"हात लाव."

"शी! कोमट आहे हा."

त्याने डावं मनगट पुढे केलं. तिथला तीळ गेला होता. त्या जागी पातळ, ओलसर कातडी. तीळ पत्र्यावर होता. त्यातला काळा केससुद्धा.

तपासणीत जस्त शंभर नंबरी निघालं. मुकादम हसले. "ताई, माल शुद्ध आहे ना? मग तीळ कसले बघता? पत्र्याला काय स्थळं बघायचीत?"

दादा रोज सोलत राहिला. खपली उचकटावी तसा आवाज यायचा. त्याचा सदरा पाठीला चिकटू लागला, आतून पिवळा पडू लागला.

"सोड ना ही नोकरी," मी म्हटलं.

"माझं सगळं त्या पत्र्यांच्या थप्पीत पडलंय गं. ते टाकून कुठे जाऊ?"

थप्पी वितळवायला निघाली. मी मुकादमांच्या हातापाया पडले. त्यांनी ऐकलं नाही. तिळाचा पत्रा तेवढा मी पदराखाली लपवला.

भट्टीतून केस जळल्याचा वास आला.

"उकडतंय गं," म्हणत दादा टाकीशी खाली बसला.

मी त्याचा सदरा काढायला गेले. नुसता सदरा निघाला नाही.

डावं मनगट तेवढं शाबूत होतं.

दादा संध्याकाळी गेला. मुकादमांना बढती मिळाली. पुढे घरातही ते हातमोजे काढत नसत, असं त्यांची सून सांगायची. वहिनी शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली. तो पत्रा बांधून ठेवलेलं कपाटातलं बोचकं तिने कधी उघडलं नाही.

जस्त वर्षानुवर्षं पडून राहिलं की काळवंडतं. हा पत्रा नाही काळवंडला. थंडी पडली की त्यावर काटा येतो.

तिळातला केस आता पांढरा झालाय.