नाव घ्या

हे सगळं खरं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी आखाडा बाळापूरला यावं, शाळेच्या नव्या खोलीवरची पाटी वाचावी, आणि मग बोलावं.

भुताच्या गोष्टी रात्री घडतात म्हणे. ही भर दुपारची आहे. मागच्या संक्रांतीनंतरची, हळदीकुंकवाच्या दिवसांतली. घर नांदेड रोडवरचं, माझ्या धाकट्या दिराचं. नवंकोरं. वास्तुशांतीच्या तोरणाची पानंसुद्धा अजून पुरती वाळली नव्हती.

काही मी स्वतः पाहिलं. बाकीचं माझ्या जावेनं, अनुसयानं, मला सांगितलं. ती खोटं बोलणाऱ्यांतली नाही.

भावजी पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होते. ती सोडून दोघं गावी आले आणि वरच्या खोलीत भावजींनी एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. हल्लीसारखा नव्हे. सगळं मशीन त्या जाडजूड कीबोर्डातच. टीव्हीला जोडायचं, टेपरेकॉर्डरवरून चालवायचं. सत्त्याऐंशी साली आमच्या शाळेला अगदी असाच मिळाला होता. त्यावर बनवलेल्या एका खेळानं भावजी गावभर गाजले होते. मेंढरांचा कळप रस्त्यापलीकडं न्यायचा, मधून ट्रक येतात. एकेक मेंढरू पलीकडं पोचलं की आवाज व्हायचा... टुक.

परभणीच्या प्रदर्शनात पहिला नंबर आला. पेपरात फोटो आला. बाजारात जो तो म्हणायचा, "पोरानं गावाचं नाव काढलं!"

आता शाळेत कॉम्प्युटरसाठी नवी खोली बांधून झाली होती. तिला भावजींचं नाव द्यायचं ठरलं होतं. उद्घाटन रथसप्तमीला. त्या दिवशी तोच खेळ, तसल्याच मशीनवर, सगळ्या गावापुढं चालवायचा, एवढी एकच हौस त्यांना होती. त्या खेळाच्या जुन्या कॅसेटला केव्हाच बुरशी लागली होती. म्हणून खेळ नव्यानं लिहायला बसले. सी भाषेत, लॅपटॉपवर.

अनुसया चहा घेऊन वर गेली की विचारायची, "लिहून राहिले ह्याच्यावर, न् चालणार त्या डब्यात? ते कसं काय हो?"

"त्याला क्रॉस कंपायलर म्हणतात. जुन्या मशीनला एवढं काम झेपत नाही. मग लिहायचं इकडं, हा त्याचं त्या मशीनच्या भाषेत करून देतो, आणि चालतं तिकडं."

"म्हंजे करणीच की!" अनुसया हसली. "करायची एकीकडं, लागायची दुसरीकडं."

"व्हय. फक्त लिंबाच्या जागी वायर."

दोघंही हसले. ते त्या खोलीतलं शेवटचं हसणं...

तयार झालेला प्रोग्राम लॅपटॉपमधून वायरीनं, आवाज होऊनच, जुन्या मशीनमध्ये जायचा. किर्र... खर्र... किर्र. कानाला नको व्हायचं. पहिल्यांदा पाठवला तेव्हा अनुसया तिथंच उभी होती. तिला त्या आवाजात मधेच काही ओळखीचं ऐकू आलं.

हिर्र्र... हिर्र्र...

मेंढरं हाकताना करतात तसं. तिचं माहेर हट्ट्याचं. तिथं दरसाल त्यांच्या वावरात खतासाठी मेंढरं बसवायचे. हा आवाज ती चुकणार नाही.

मग टीव्हीवर इंग्रजी अक्षरांत खेळाचं नाव आलं. त्याखाली, 'बनवणारा'.

आणि त्याखाली... काहीच नाही.

"नाव काहून न्हाई आलं तुमचं?"

भावजींनी लॅपटॉप बघितला. प्रोग्रामात नावाची वेगळी ओळच होती. अवतरणचिन्हांत, नीट लिहिलेली. लॅपटॉपवरच त्या जुन्या मशीनची नक्कल चालवून बघितली. तिथं नाव आलं. खऱ्या मशीनवर तेवढी जागा कोरी.

"आणि ही पोरगी कोण?"

"कुठली पोरगी?"

"ती काय. रस्त्यापलीकडं."

भावजींनी मेंढपाळ काढला होता तो पुरुष होता, डोक्याला पटका असलेला. तो कुठंच नव्हता. पलीकडच्या कडेला ठिपक्याठिपक्यांची एक बारकी आकृती उभी होती. पाठीवर वेणी असलेली.

भावजी टीव्हीजवळ वाकले. मग "काहीतरी चुकलं असेल," म्हणाले आणि बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी प्रेमदास आला. तांड्यावरचा, भावजींच्या वर्गातला. रस्त्यावरूनच नावानं हाक मारत यायची त्याची लहानपणापासूनची सवय. त्या दिवशी फाटकापाशी आला, तोंड उघडलं...

आणि तसाच उभा राहिला.

"काहून रे, सकाळीच लावून आला का?" भावजी वरून ओरडले.

"न्हाई बे, देवाशपथ! अरे, तुला... तुला काय म्हणतेत बे?"

"गधड्या, जन्मभर ह्या दारात बोंबलत आला, न् मला विचारतो?"

"तेच तर म्हणून राहिलो! जिभेवर आहे, न् येऊन न्हाई राहिलं."

प्रेमदास फाटकातूनच वळला. चहा न घेता निघून गेला.

भावजी तडक वर गेले. प्रोग्राम पुन्हा पाठवला. किर्र... हिर्र्र... खर्र...

या वेळी जागा कोरी नव्हती. 'बनवणारा'च्या खाली अक्षरं आली. एकेक करून, कुणी बोटानं टाइप करावीत तशी...

सत्यशीला.

ती वेणीवाली आकृती आता रस्त्याच्या मधोमध होती. तिच्या अंगावरून ट्रक जात होते. ती हलत नव्हती.

भावजी लॅपटॉपकडं वळले. तिथली अवतरणचिन्हं जागच्या जागी होती. आतलं नाव गेलं होतं. पुन्हा लिहायला त्यांनी बोटं उचलली, आणि बोटं हवेतच राहिली. पहिलं अक्षर कोणतं, तेच आठवेना...

हे त्यांनी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. अनुसयालाही नाही.

आणि तिच्याही काही लक्षात आलं नाही. आमच्याकडं बाया एरवी नवऱ्याचं नाव घेत नाहीत. 'अहो' म्हटलं की भागतं. नाव घ्यायचं ते उखाण्यातच.

हळदीकुंकवाला मी गेले होते. बैठकीत बायाच बाया, वाण लुटून झालेलं, आणि शेजारच्या मंजुळाबाईंनी धरलं, "अनुसया, नाव घे!"

"आता काय वय आहे का ओ काकू?"

"सून यायची वेळ आली, न् लाजून काय राहिली? घे, घे!"

वरच्या खोलीतून किर्र आवाज येत होता. भावजी पुन्हा प्रोग्राम पाठवत होते. अनुसयानं पदर सारखा केला.

"तिळाची गोडी गुळाला, गुळाची गोडी वाणाला,
सत्यशीलाचं नाव घेते हळदीकुंकवाच्या मानाला."

खसखस पिकली.

"अगं बाई! सवतीचं नाव घेतलं का काय!" मंजुळाबाई डोळे पुसत म्हणाल्या.

अनुसया मात्र हसत नव्हती. तिनं पुन्हा उखाणा म्हटला. पुन्हा तेच नाव. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं, आणि आपल्याच हातानं दाबून धरलं. माझ्याकडं बघू लागली. त्या डोळ्यांत भीती होती.

मी म्हटलं, आपण सांगावं हळूच तिच्या कानात. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी रांगत होते. शाळेत त्यांचं नाव मीच घातलं. मास्तरांना मीच सांगितलं होतं, हे नाव लिहा म्हणून. मी पुढं झुकले, तोंड उघडलं...

काही नाही. विहिरीत पोहरा सोडावा आणि दोर नुसताच हातात यावा, तसं झालं.

वरून आवाज आला. टुक...

टुक... टुक... टुक...

मग थांबला. आणि भावजी ओरडले.

आम्ही दोघी वर धावलो. ते भिंतीला पाठ लावून उभे होते. टीव्हीवर रस्ता रिकामा होता. ट्रक नव्हते. मेंढरं सगळी पलीकडं पोचली होती. ती आकृती पलीकडं नव्हती. रस्त्यातही नव्हती.

"गेली कुठं?" अनुसयानं विचारलं.

भावजी आमच्या पाठीमागं, जिन्याकडं बघत होते.

"अलीकडं आली," ते म्हणाले.

बाया गेल्यावर ते बोलले.

खेळ त्यांचा नव्हताच. सत्यशीलाचा होता. मसाजी मेंढपाळाची ही लेक भावजींच्याच वर्गात होती. मास्तरांनी कॉम्प्युटरची खोली दोघांनाच उघडून दिली होती. ती मेंढरांमागं चालता चालता डोक्यात जुळवायची, आणि शाळा सुटल्यावर येऊन टाइप करायची. ट्रक, मेंढरं, ती टुक, सगळं तिचं. परभणीला मात्र एकट्या पोरालाच पाठवायचं ठरलं. जाण्याआधी भावजींनी पडद्यावरचं तिचं नाव काढलं आणि आपलं घातलं.

लोक म्हणत होते पोरानं नाव काढलं. काढलंच होतं.

पुढचं मला आठवतं. खेळ पोराचा, तर मग ही पोरगी शाळा सुटल्यावर त्याच्यासंगं बंद खोलीत काय करत होती? गावाला एवढं पुरे होतं. मसाजी आमच्या दारात आला. मी ओसरीत ज्वारी निवडत होते. त्यानं एका शाळकरी पोरापुढं हात जोडले. "लेकरा, खरं सांग. माझ्या पोरीनं बनवलं व्हतं का त्यातलं काही?"

"न्हाई," भावजी म्हणाले.

एकच शब्द. तो सगळ्यांनी खरा मानला.

तिची शाळा सुटली. घाईघाईनं साखरा गावच्या एका घरात देऊन टाकली. नाव खराब झालेली म्हणून तिथंही नांदवली नाही. परत आली, मेंढरांमागं फिरायला लागली. एका दुपारी नांदेड रोडच्या वळणावर ट्रक आला. मेंढरं सगळी पलीकडं पोचली होती. ती तेवढी राहिली.

ते वळण भावजींच्या घरासमोरच आहे.

"माफी मागून या," अनुसया म्हणाली. "तिची आई आहे अजून."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं गेलो. मसाजी कधीचा वारला. त्याची बायको सिंधूबाई गावाबाहेर, शेळ्यांच्या वाड्याशेजारी पत्र्याच्या खोलीत राहते. डोळे गेलेले. उन्हाला बसली होती.

"कोण हाय?"

"मावशी, मी..." भावजी थांबले.

"मी कोण? नाव असंल की!"

भावजींच्या तोंडाचा आ झाला. खिशातून आधार कार्ड काढून त्यांनी अनुसयापुढं धरलं. नाव त्यावर छापलेलं आहे, मी स्वतः पाहिलं. पण वाचायला गेलं की नजर घसरते आणि खालच्या जन्मतारखेवर जाऊन पडते. अनुसयाचंही तेच झालं.

शेवटी मीच बोलले. "मावशी, आमचे भावजी आहेत. तुमच्या सत्यशीलाच्या वर्गात होते ते. पाया पडायला आलेत."

सिंधूबाईनं तोंड आवाजाच्या दिशेनं फिरवलं.

"त्या पोराला म्या रोज शिव्या देत आले, बाई. सकाळी उठून, नाव घेऊन. मसाजी मेला तवाबी चुकल्या न्हाईत. आता चार दिस झाले, शिव्या द्याया बसते न् नाव येत न्हाई." ती हसली. दात नव्हते तोंडात. "म्हनलं, नेलं असंल पोरीनं."

"मावशी, माफ करा," भावजी जमिनीवर बसले.

"कुणाला?"

शेळ्या ओरडत होत्या.

"सांग की, कुणाला करू? ज्याला नावच न्हाई, त्याला माफ तरी कसं करावं?"

रथसप्तमीला उद्घाटन झालं. पडदा सरकला. संगमरवरी पाटीवर कोरलं होतं, 'सत्यशीला मसाजी संगणक कक्ष'.

टाळ्या वाजल्या. तिथं दुसरं कोणतं नाव यायचं होतं, ते कुणालाच आठवत नव्हतं.

मी पाटीवाल्याला गाठलं. तो गयावया करू लागला. "तुमच्याच घरून फोन आला ना, मावशी! साहेबांच्या नंबरावरून. बाईमाणूस बोलून राहिल्या. म्हणल्या, आधीचं नाव काढा."

अनुसयानं फोन केला नव्हता. मीही नाही.

त्यानंतर भावजींनी जुनं मशीन भंगारवाल्याला दिलं. प्रेमदास आता त्या रस्त्यानं येत नाही. मला या वयातही सगळं आठवतं. मसाजीच्या कुत्र्याचं नाव काळ्या होतं, सत्यशीलाच्या वेणीला हिरवी रिबीन असायची, सगळं. शाळेत मीच घातलेलं ते एक नाव तेवढं येत नाही. इथंही ते लिहायला गेले, आणि दर वेळी हात सत्यशीलाच लिहायला लागला. म्हणून 'भावजी' लिहिलंय.

अनुसयाचं 'अहो'वर चाललं होतं. तेवढं तरी राहिलंय, असं आम्ही म्हणत होतो.

परवा दुपारी तिनं ताट वाढलं आणि हाक मारली. "अहो..."

वरच्या खोलीतून 'ओ' आली. कोवळ्या, पोरीच्या आवाजात.

भावजी तेव्हा खालीच, तिच्या समोर पाटावर बसलेले होते. त्यांनी मान वर केली नाही. आपल्याला हाक मारली, असं त्यांना वाटलंच नाही...