वायर, छत्री आणि माझा विरोध

तो हसला, म्हणून भांडण सुरू झालं.

आरमोरीच्या बाजारात माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान म्हणजे टिनाची टपरीच, पण पाटी मोठी आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर टेक्नॉलॉजीच्या बातम्या मोठ्यानं वाचते. ऐकायला शेजारची भाजीवाली अंजनाबाई असते आणि तिला प्रत्येक बातमीवर मत असतं. त्या दिवशी बातमी होती उपग्रहावरून येणाऱ्या इंटरनेटची. वाचून झाल्यावर मी निकालच देऊन टाकला.

"पाहा बाई, वायरीचा जमाना गेला. आता सारं हवेतून येईन."

काउंटरच्या पलीकडून कुणीतरी हसलं.

मी मान वर केली. चौकटीचा शर्ट, कोपरापर्यंत लाल माती, खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं आणि... डाव्या गालावर खळी. खळी मी फार नंतर पाहिली, असं मी सगळ्यांना सांगते. ते खरं नाही.

"काय झालं हसाले?"

"काई नाई. टेम्पर्ड ग्लास लावून द्या."

"आधी हसण्याचं कारण सांगा. मंग ग्लास."

"तुमचं ते हवेतलं नेट खाली उतरलं का शेवटी वायरीतच घुसते ना! साऱ्या जगाचं नेट समुद्राखालच्या वायरीतून चालते, मॅडम."

"आरमोरीत समुद्र नाई."

"वैनगंगा त हाय!" अंजनाबाईनं मध्येच तोंड घातलं. तिची वांगी तशीच पडून होती, पण तिला त्याचं काही नव्हतं.

त्याचं नाव लोकेश. माजरीचा. वडील कोळसा खाणीत, आणि हा एका ठेकेदाराकडे फायबर जोडणारा. केसासारख्या बारीक काचेच्या तारा एकीला एक लावायच्या, हे त्याचं काम. आतल्या गावांना नेट पोचवायला ठेकेदारानं त्याला इकडे पाठवलं होतं. त्या गावांत एक गाव माझंही होतं, कोसीटोला.

पुढच्या बाजाराला तो परत आला. म्हणे ग्लास फुटली. मी काच बोटानं चाचपून पाहिली. चांगली धडधाकट होती. तरी जुनी काढून नवी लावून दिली. त्याच्या पुढच्या बाजारालाही लावून दिली. धंदा आहे माझा, मी कशाला नाही म्हणू?

थंडी वाढत गेली, आणि आमची भांडणंही. मोबाईल अपडेट केला की जाणूनबुजून हळू होतो, असं मी म्हणायची. तो म्हणायचा, तू फोनमध्ये चार हजार फोटो ठेवते, फोन बिचारा काय करेल! फाईव्ह जीचं चिन्ह दिसतं आणि साधं एक चित्र उघडत नाही, यावर मात्र आमचं एकमत झालं. त्या दिवशी दोघांनाही करमलं नाही.

त्याच्या फोनचा पासवर्ड जन्मतारीख होता. मी चांगली खरडपट्टी काढली. दुसऱ्या बाजाराला तो फुशारकीनं म्हणाला, "बदलला."

"काय ठेवला?"

"सांगतला त परत बदलावा लागन..." त्यानं चहाचा कप दोन्ही हातांत धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "आणि मले तो बदलाचा नाई."

मी स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. तो माझ्या हातातच होता.

एकदा त्यानंच बातमी आणली. "पाह्यली का? एआय आता प्रेमपत्र लिहून देते."

"तुले लिहाचं हाय का?"

"नाई नाई... सहज सांगून राह्यलो."

"एआयचं पत्र मी वाचल्याबरोबर ओळखीन. त्याच्यात एक चूक नसते."

"मंग चुका करून लिहू का?"

"तुले कराच नाई लागत. आपोआप होते."

अंजनाबाई हसून हसून टोपलीवर पडली.

आता खऱ्या भांडणाचं सांगते. कोसीटोल्याला नेटवर्क म्हणजे गावामागची टेकडी. तिच्या माथ्यावर जाऊन फोन उंच धरला तर एखादी कांडी. भागीरथावहिनीला कळा सुरू झाल्या तेव्हा ॲम्ब्युलन्सला फोन करायला तिचा नवरा त्या टेकडीवर पळत गेला होता. म्हणून गावानं ठरवलं, ग्रामपंचायतीपर्यंत आलेलं नेट आता टोल्यावर आणायचंच. मध्ये सगळं जंगल. लोकेशच्या ठेकेदाराचं म्हणणं, झाडाझाडाला वायर बांधत आणू. माझं म्हणणं, तिकडच्या पाण्याच्या टाकीवर एक छत्री, म्हणजे डिश अँटेना, आमच्या टाकीवर एक छत्री, दोघींची तोंडं समोरासमोर. नेट हवेतून येईल.

"आणि पावसाळ्यात सागाले पानं आले का?" तो म्हणाला. "तुह्या छत्रीले समोरचं दिसनच नाई."

"टाकी झाडाहून उंच हाय."

"माही वायर उन्हाळा-पावसाळा कायबी पाहत नाई."

निकाल ग्रामसभेत लागणार होता. आमच्या गावात सभेला मतदान नसतं. सगळ्यांचं मन जुळेपर्यंत बोलायचं. एकाचाही विरोध असला तर निर्णय थांबतो. मात्र विरोध करणाऱ्यानं उभं राहून, सगळ्यांसमोर कारण सांगायचं. मी हे सांगितलं तेव्हा लोकेशला ते फार आवडलं. तो म्हणाला, आमच्या घरी असं असतं तर जेवणच झालं नसतं.

सभेच्या आदल्या दिवशी तो झाडं नक्की करायला टोल्यावर आला. वाट दाखवायला मी सोबत गेले. सकाळचं कोवळं ऊन, पायाखाली वाळलेला पाला. वाटेत माझी ओढणी बोरीच्या काट्यात अडकली. त्यानं ती ओढली नाही. एकेक काटा सोडवत बसला, जशी काचेची तारच हातात आहे. इतका जवळ की त्याच्या शर्टाला मातीचा वास येत होता. मी श्वास रोखला... आणि मग स्वतःवरच चिडून सोडला.

पुढे झाडांवर चुन्याच्या खुणा दिसल्या. मी थांबले. हसू आवरेना. पठ्ठ्यानं निवडून निवडून मोहाची झाडं धरली होती!

"कसे मजबूत हाय ना झाडं?" तो कौतुकानं म्हणाला.

"लय मजबूत," मी म्हणाले. मोह फुलायला लागला की आमच्या बायका झाडाखालचा पाला जाळतात, म्हणजे पडलेली फुलं स्वच्छ जागेवर वेचता येतात. वायर पहिल्याच मोसमात भाजून निघाली असती. हे मी त्याला सांगितलं नाही. उद्या सभेत सांगणार होते, सगळ्यांसमोर. जिंकायची मला भारी हौस.

"वायर ठरली त देखभालीले दोन वर्षं मी इथीच," तो चुन्याचा हात पुसत म्हणाला. "नाई ठरली त माजरी. तिथी काम निघालं हाय, सोमवारीच बोलावून राह्यले."

"सोमवारी... म्हणजे परवा?"

"हौ. परवा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी जिंकले तर तो जाणार, एवढं सरळ गणित होतं. आणि मला तो हवा होता. भांडायला, चहाला, उगाच धडधाकट ग्लास बदलून न्यायला हवा होता. हे मला त्या मोहाच्या झाडाखाली कळलं, आणि एकदा कळल्यावर मी ते स्वतःपासून लपवलं नाही. लपवायचा माझा स्वभाव नाही.

रविवारी सकाळी सारा गाव गोटुलात, म्हणजे गावाच्या सभाघरात जमला. सभा चालवायला सोमाजीभाऊ. लोकेशनं वायरीची बाजू मांडली, आणि चांगली मांडली. बायका माना डोलवत होत्या. वायर डोळ्यांना दिसते, हातानं धरता येते. हवेतल्या नेटवर विश्वास कसा ठेवायचा? मग सोमाजीभाऊ माझ्याकडे वळले.

"बोल रीना. तुहं काय म्हणणं?"

गप्प बसले असते तर वायर ठरली असती. तो दोन वर्षं इथे राहिला असता. मी लोकेशकडे पाहिलं, मग त्याच्यामागे बसलेल्या भागीरथावहिनीकडे पाहिलं. तिच्या मांडीवर बाळ झोपलं होतं. वायर जळाल्यावर पुन्हा कुणाला तरी टेकडीवर धावावं लागलं असतं, आणि ते मला सहन झालं नसतं.

"वायर मोहाच्या झाडाईले बांधणार हाय," मी म्हणाले.

मग पुढे बसलेली म्हातारी रुखमाबाई पदर तोंडाला लावून अशी हसली की सगळं गोटुल हसायला लागलं. "अगा बाबू, मोहाखाली आमी पाला जाळतो! तुही वायर भुंजून निघन ना!"

लोकेशचा चेहरा पडला. तो रागावला नाही. फक्त माझ्याकडे पाहत राहिला, आणि ते रागापेक्षा वाईट होतं.

"तुले कालच माहीत होतं?"

"हौ."

पुढे मी छत्रीचं सगळं नीट समजावलं. टाकी, उंची, सोलरची बॅटरी, सगळं. दुसऱ्या झाडांना वायर बांधली तरी आग पाल्यातून तिकडे पसरतेच, हेही सांगितलं. प्रश्न आले, उत्तरं दिली. शेवटी सोमाजीभाऊंनी विचारलं, "मंग छत्री ठरवाची? कोणाचा विरोध?"

कुणीच बोललं नाही. लोकेश वायरीचा नमुना गुंडाळायला लागला होता. त्याची बोटं सावकाश फिरत होती.

"माहा विरोध हाय," मी म्हणाले.

सगळ्या माना वळल्या. सोमाजीभाऊंनी चष्मा काढून पुन्हा लावला. "पोरी, छत्री तुहीच ना? तुहाच विरोध?"

"हौ."

"उभी राह्य. कारण सांग."

मी उभी राहिले. "छत्री बरोबर हाय. वायर चुकीची हाय. पण छत्री ठरली का हा माणूस उद्या माजरीले जाते. मले तो इथी पायजे. मले तो आवडते. दुसरं कारण नाई."

आई तिकडच्या कोपऱ्यात कपाळाला हात लावून बसली.

"हे काय सभेचं काम हाय का वो?" कुणीतरी पुटपुटलं.

"विरोध हाय त ऐकून घ्याच लागते," रुखमाबाईनं ठणकावलं. "तिनं सांगतलं. आता त्या बाबूले विचारा. बाहेरचा हाय, पण ह्या गोष्टीवरबी त्याले बोलाची परवानगी द्या."

सोमाजीभाऊंनी हात वर केला. "दिली. बोल गा बाबू."

लोकेश उभा राहिला. हातातली वायर सुटून पुन्हा उलगडली. समुद्राखालच्या वायरींवर तासभर बोलणारा माणूस... आणि तोंडातून शब्द निघेना. कान लालभडक झाले होते. "मले..." तो म्हणाला. "मले काई विरोध नाई."

मग जो गलका झाला! बायकांनी टाळ्या पिटल्या. भागीरथावहिनीचं बाळ दचकून उठलं. सोमाजीभाऊ कसेबसे हसू दाबत माझ्याकडे वळले. "आता तुहा विरोध?"

"मागे घेतला."

"छत्री ठरली," ते म्हणाले, आणि सभा उठली.

बाहेर चिंचेखाली तो वायर गुंडाळत उभा होता. मी जवळ गेले. दोघंही एकदम बोलायला लागलो आणि दोघंही थांबलो.

"सोमवारी मले जाच लागन," तो म्हणाला.

"जा. कामाले नाई म्हणू नको. माजरी काई परदेश नाई, रविवारी बस हाय."

"रविवारी येईन. दर रविवारी." त्यानं मोठा श्वास घेतला. "आणि ऐक... तुहंच बरोबर होतं. वायर जळलीच असती. तू जिंकली."

इतके महिने हे एक वाक्य ऐकायला मी भांडत होते. आता ते समोर होतं, त्याच्या तोंडचं, अगदी मनापासूनचं. आणि मला त्यात जराही रस उरला नव्हता.

"जाऊ दे ते," मी म्हणाले. "दुसरं बोल."

"काय?"

"विरोध नाई म्हणणं येगळं. साऱ्या गावासमोर मी नीट सांगतलं ना? तूबी नीट सांग."

त्यानं वायर खाली ठेवली. इकडेतिकडे पाहिलं. गोटुलाच्या दारात रुखमाबाईसकट अर्धं गाव उभं होतं, आणि कुणी हलायला तयार नव्हतं. त्यानं माझा हात धरला. नखांत अजून कालचा चुना होता.

"आवडते तू मले," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. "पह्यल्या दिवसापासून."