भुशात झोपलेले मासे

तात्याआजोबांनी केतकीच्या हातात एक प्लास्टिकची पिशवी ठेवली आणि म्हणाले, "जपून धर. यात मासे आहेत."

पिशवीत पाण्याचा टिपूसही नव्हता. होता तो नुसता तपकिरी भुसा, किंचित ओलसर, चहा गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्यासारखा. केतकीने पिशवी उजेडात धरली, हलवली, नाकाशी नेली. मासे म्हणे! आठवीतल्या मुलीला एवढं तरी कळतं की मासा पाण्याबाहेर काढला की तडफडून मरतो. पण तात्या थट्टा करत होते असंही म्हणवेना, कारण त्यांचे डोळे ओले होते.

तात्या म्हणजे केतकीच्या आईचे काका. जन्मभर मत्स्यशास्त्रज्ञ (माशांचा अभ्यास करणारे) म्हणून काम करून आता ते भुसावळला केतकीच्याच घरी मागच्या खोलीत राहत. त्या वर्षीचा उन्हाळा तुम्ही पाहिला नाहीत हे बरं. सकाळी दहाला उन्हाचा इशारा देणारा भोंगा वाजला की पाच वाजेपर्यंत कुणी घराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असा नियमच होता. त्यातच आदल्या आठवड्यात वीज गेली ती लवकर आलीच नाही. तात्यांच्या काचेच्या टाकीतलं पाणी तापत गेलं आणि त्यातले सगळे किलीफिश मेले. बोटाएवढे निळे मासे, लाल शेपटीचे. आफ्रिकेतल्या ज्या डबक्यातून त्यांचे पूर्वज आले होते, त्यावर आता सिमेंटचं गोदाम उभं होतं. जगात आणखी चारदोन जणांकडे ही जात होती, त्यांच्याकडचीही एकेक करून संपली. थोडक्यात, जे काही उरलं होतं ते त्या पिशवीत.

"मग पाणी घालू या ना आत," केतकी म्हणाली.

"घातलंस तर मरतील. हे मासे ज्या डबक्यात राहतात ते पावसापुरतंच असतं. डबकं आटतं, मोठे मासे मरतात. पण मरण्याआधी ते चिखलात अंडी घालून ठेवतात. खसखशीच्या दाण्याहून जराशी मोठी. त्या अंड्यातला भ्रूण (वाढायला लागलेलं पिल्लू) वाढता वाढता मध्येच थांबतो. खाणं नाही, हालचाल नाही, श्वाससुद्धा नावापुरता. याला म्हणतात सुप्तावस्था (जिवंत राहून सगळी कामं जवळजवळ बंद ठेवणं). आपल्याकडे तो चिखल नाही, म्हणून नारळाच्या काथ्याचा भुसा. फार ओला झाला तर अंडी कुजतात, फार कोरडा झाला तर सुकतात. कपाटात अंधारात ठेव आणि मी सांगेपर्यंत हात लावू नकोस."

आणि दुसऱ्याच दिवशी तात्यांना धाप लागली. छातीत पाणी झालं होतं. त्यांना दवाखान्यात ठेवलं.

आता पुढे जे झालं त्यात केतकीचा हेतू चांगला होता, हे मी आधीच सांगून टाकतो. चैत्र लागला होता. भोंग्याच्या आधी गच्चीवर कुरडया, पापड, डाळी, गाद्या, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, सगळ्यांची गर्दी झालेली. त्या घरात कशाला कुबट वास आला की एकच औषध होतं, ऊन दाखवायचं. केतकीने सहज म्हणून कपाट उघडलं, पिशवीला नाक लावलं, तर कुबट वास आणि एका कोपऱ्यात बुरशीचा पांढरा ठिपका. तात्यांचे मासे कुजायला लागले! तिने आईच्या जुन्या साडीवर, कुरडयांच्या शेजारीच, तो भुसा ओतला. जरा वेळाने उचलू म्हणून खाली आली आणि भोंगा वाजला. गच्चीचं दार बंद झालं.

संध्याकाळी दार उघडलं तेव्हा भुसा चहाच्या कोरड्या पुडीसारखा झाला होता. मधला एक गड्डा तेवढा आतून ओलसर लागत होता. केतकीने सगळं गोळा केलं, वर पाणी शिंपडलं आणि कुणालाच काही सांगितलं नाही. रोज तात्यांना दवाखान्यात भेटायला जायची आणि ते विचारायचे, "मासे झोपलेत ना?" ती मान हलवायची.

तात्या घरी आले ते अर्धे होऊन. डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन काय सांगितलं ते केतकीने ऐकलं होतं. त्यांचे फार दिवस उरले नव्हते. त्या दुपारी ती त्यांच्या खाटेशी बसली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

तात्या रागावले नाहीत. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाले, "भिंग आण. पांढरा रुमाल आण."

रुमालावर भुसा पसरून दोघं ब्रशने एकेक अंडं वेचू लागली. बहुतेक दुधासारखी पांढरी पडली होती. "मेली," तात्या म्हणत आणि केतकी ती बाजूला करी. बाजूचा ढीग वाढतच गेला. मधल्या गड्ड्यातून मात्र थोडी अंडी निघाली ती मधाच्या थेंबासारखी स्वच्छ. त्यातल्या काहींत दोन काळे डोळे दिसत होते, भोवती सोनेरी कडं. "ही पिल्लं पूर्ण झालीत. उन्हाने घाई केली त्यांची. ही आता थांबायची नाहीत, पाण्यात सोड."

केतकीने उथळ थाळीत गार पाणी घेतलं आणि ती अंडी सोडली. तासाभरात पिल्लं बाहेर आली, पापणीच्या केसाएवढी. पण एकही वर येईना. सगळी तळाशी पोटावर सरपटत होती.

"माशाच्या पोटात एक हवेचा फुगा असतो, वाताशय (माशाला पाण्यात तरंगत ठेवणारी पिशवी)," तात्या हळू आवाजात म्हणाले. "अवेळी उठलेल्यांना कधीकधी तो भरता येत नाही. ही नाही जगणार, पोरी."

नाहीच जगली. दोन दिवसांत थाळी रिकामी झाली. केतकी रडली, आईने समजूत घातली, पण हे आपल्या हातून झालं हे तिला कुणी विसरायला लावू शकत नव्हतं.

उरली ती थोडी, बिनडोळ्यांची अंडी. "पण तात्या, ही त्याच उन्हात होती, त्याच भुशात. मग ही का नाही उठली?"

तात्यांनी उशीला टेकून दम घेतला. "समज, डबक्यावर अवेळी एखादी सर आली. डबकं भरलं, चार दिवसांत पुन्हा आटलं. सगळी अंडी त्या सरीला भुलून उठली असती तर?"

"सगळी मेली असती," केतकी म्हणाली. मग तिला आपलं आपणच उमगलं. "म्हणजे एकाच आईची अंडी असून प्रत्येकाची झोप वेगळी. काही लवकर उठतात, काही उशिरा. काही उठलेली फसली तरी मागे कुणीतरी झोपलेलं राहतंच."

"शहाणी आहेस," तात्या म्हणाले. तिने ती अंडी ताज्या ओलसर भुशात ठेवली आणि पिशवी कपाटात गेली.

मग जून आला. तात्यांना आता बोलताना मध्ये थांबावं लागे. एक दिवस त्यांनी केतकीला बोलावलं. "पिशवी काढ. पाणी घाल."

केतकीने भिंगातून पाहिलं. अंडी तशीच, स्वच्छ. डोळे नव्हते.

"अजून नाही झाली, तात्या."

"मला माहीत आहे. एकदोन उठतीलही कदाचित. मला एकदा पोहताना बघायचंय गं. पावसाळा संपेपर्यंत मी नाही थांबू शकत."

आई दारात उभी होती. तिने डोळ्यांनीच खुणावलं, घाल की. म्हाताऱ्या माणसाची शेवटची इच्छा. केतकीच्या हातात थाळी होती, पाणी भरलेली. तिला तात्यांसाठी काय वाटेल ते करायचं होतं. तेवढ्यात तिला तळाशी सरपटणारी पिल्लं आठवली.

"नाही," ती म्हणाली. "मी एकदा घाई केली, तात्या. आता नाही करणार. तुम्ही म्हणालात तरी नाही."

तात्यांना वाईट वाटलं होतं, ते लपलं नाही. मग त्यांनी हात पुढे केला आणि तिला थाळी खाली ठेवायला लावली. "पिशवी ठेव कपाटात," ते म्हणाले. पाचव्या दिवशी ते गेले.

केतकी पाऊसभर दर रविवारी भिंग लावून बघायची. दसऱ्याच्या सुमाराला चार अंड्यांत डोळे आले. तिने थाळीत गार पाणी ओतलं आणि आईला हाक मारली. पिल्लं बाहेर पडली, क्षणभर तळाशी थांबली आणि एकामागून एक वर आली. चौघंही पोहत होती. आईने तोंडाला पदर लावला.

तात्यांना हे दाखवता आलं असतं का? केतकी ते बरेच दिवस मनाशी घोळवत राहिली. त्या दिवशी पाणी घातलं असतं तर दिसलं असतं ते सरपटणं आणि आज थाळीत काहीच नसतं. त्या नकाराचं दुःख तिला होतं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर तिने तोच नकार दिला असता.

"बाकीचीही सोड ना पाण्यात," आई म्हणाली. "अजून तीन आहेत."

केतकीने ती तीन भिंगाखाली धरली. डोळे नव्हते. "ही झोपलीत अजून," असं म्हणून तिने ती भुशात परत ठेवली आणि पिल्लांसाठी कोबीचं पान कुजवलेलं पाणी आणायला गेली, कारण त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव हेच त्यांचं पहिलं जेवण होतं, आणि त्यांना भूक लागली होती.