नानांचे गुडघे

हे लिहायचं नाही असं जवळपास ठरवलंच होतं मी. दुसऱ्याच्या घरातलं दुःख आपण कशाला मांडायचं... पण माझा बालमित्र योगेंद्रच परवा म्हणाला, "लिही भूषण. घर घ्यायच्या आधी कोणीतरी वाचेल." म्हणून लिहितोय.

वास्तुशांतीचा दिवस होता. धुळ्याला देवपुरात योगेंद्रचा पहिला फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचा. आणि जिन्याच्या वळणावर त्याची आई भिकुबाई प्लास्टिकच्या खुर्चीत अडकलेली! लकव्यानं अर्धं अंग गेलेली ती माउली... चार जणांनी उचललेली खुर्ची भिंतीला घासली, एका बाजूला कलली, डोक्यावरचा पदर घसरला. हात एकच चांगला. त्या हातानं कठडा धरायचा, की पदर? तिनं कठडा सोडला आणि पदर धरला!

खालच्या पायरीवर उभ्या त्याच्या वडिलांनी, झुलालनानांनी, ते पाहिलं.

फ्लॅट बुक करायच्या आधीच योगेंद्रला सांगितलं होतं त्यांनी. धरणगावजवळच्या आमच्या गावी रोज सकाळी ते भिकुबाईची बाज उचलून निंबाखाली न्यायचे, दुसरं टोक कधी मी धरायचो. त्याच सवयीनं त्यांनी जिन्यात हात पसरून अंदाज घेतला होता. "भाऊ, आठे, या वळणावर, बाज वळनार नही. तळमजला बघ. घर जन्मभराचं शे, पण माणूस काही जन्मभर जिने चढत नही."

बिल्डर हसला होता. "आबा, बाज काढा आता, पलंग घ्या!"

योगेंद्रही हसला होता. त्याला तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी आवडली होती.

पूजा आटोपली, तसा तो आईच्या पायाशी बसला. "आता गावाला जायचं नाही. दोघांनी इथंच राहायचं."

भिकुबाईचा अर्धा चेहरा हसला... पण नानांची नजर दाराबाहेरच्या जिन्याकडे गेली. इथं राहिली तर ही बाई पुन्हा ऊन बघणार नाही! दवाखान्याला न्यायचं तर पुन्हा तीच खुर्ची, तेच वळण, तोच पदर. पण हे बोलायचं कसं? बोललं तर तिला वाटेल, मी ओझं झाले. आणि पोराला नव्या घरात पहिल्याच दिवशी कळेल, की या घरात आपल्या आईलाच जागा नाही!

नानांनी मांडीवर थाप मारली. "माले नही जमनार. गुडघे गेले माझे. हा जिना रोज कोण चढी?"

"अहो, काल तर म्हशीमागं पळत होते!" भिकुबाई म्हणाली. सगळे हसले. योगेंद्र मात्र हसला नाही.

"सरळ सांगा ना नाना, सुनेच्या हातचं खायचं नाही! मग हे घर मी घेतलं कोणासाठी?"

दिपमाला, त्याची बायको, पदर तोंडाला लावून आत निघून गेली. खरं एक वाक्य जिभेवर होतं, ते नानांनी गिळलं...

मग योगेंद्रचं गावाला येणं कमी झालं, फोन तुटक झाले. भिकुबाई रोज संध्याकाळी कुरकुर करायची, "तुमच्या गुडघ्यापायी माझं लेकरू तुटलं." आणि त्याच एका चांगल्या हातानं नानांच्या गुडघ्यांना तेल चोळायची. धडधाकट गुडघ्यांना! नाना डोळे मिटून घ्यायचे.

कापूस वेचणीच्या दिवसांत ती गेली. शेवटचं निंबाखालीच, बाजेवर, उन्हात.

महिना उलटला, तसे नाना भरिताची वांगी पिशवीत घालून देवपूरला गेले. योगेंद्र दार उघडून उभा होता. नाना भराभर जिना चढत आले... आणि वळणावर थांबले. खुर्ची घासल्याचा ओरखडा भिंतीवर अजून होता. त्यावर त्यांनी तळहात ठेवला.

"नाना... तुमचे गुडघे?"

ज्या माणसासाठी खोटं बोलायचं, ते माणूसच राहिलं नव्हतं.

"गुडघे चांगले शेत, भाऊ. कधी दुखलेच नही."

"मग?"

"आठे तुझ्या मायनं कठडा सोडला. पडली असती, पण पदर नही सोडला तिनं. परत तिले त्या खुर्चीत कसं बसवू रे?"

योगेंद्र पायऱ्या उतरून त्यांच्या पायाशी बसला. "मला बोलला का नाहीत?"

"नवं घर होतं तुझं..."

"आईला माहीत होतं?"

"नही. ती तेल चोळत राहिली."

योगेंद्रनं त्या गुडघ्यांना मिठी मारली आणि लहान पोरासारखा हुंदके देऊन रडला. दिपमाला धावत बाहेर आली. पिशवीतली वांगी पायऱ्यांवरून घरंगळत खाली गेली, ती उचलायचं कोणाला सुचलं नाही.

सध्या मी जळगावात घर बघतोय, आईलाही सोबत न्यायचंय. परवा चौथ्या मजल्यावरची हवा मला फार आवडली. योगेंद्र जिन्याच्या वळणावर हात पसरून उभा राहिला... मला बघवेना.

मी त्याला शब्द दिलाय. सही करायच्या आधी नानांकडून ती बाज आणीन. तिच्यावर मी स्वतः आडवा होईन, एक टोक तो धरेल, एक नाना धरतील. वळणावर बाज वळली, तरच ते घर माझ्या आईचं.